देवाच्या शेतातली जागा

न्यू एलिम, पेनसिल्व्हेनिया
१२ जानेवारी १९८८

डोरा,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे. ती मी मंडळाच्या पत्रव्यवहारात पाळते. इथे गरज वाटली नाही.

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच एका बाजूला कलतंय, कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकायला निघाल्यासारखं.

पत्र तू ब्रदर वाइनलंडना पाठवलंस. ते बिचारे मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं दोन बोटांत धरून माझ्याकडे घेऊन आले आणि म्हणाले, "सिस्टर बेनिग्ना, हे खरं तर तुमच्याकडे यायला हवं होतं." बरोबर बोलले. चर्चची माणसं आता मूठभर उरली आहेत. छपरं गळायला लागली तेव्हा त्यांनी जुनं भगिनीगृह आणि सगळ्या थडग्यांसकट देवाचं शेत, दोन्ही आमच्या इतिहास मंडळाच्या हवाली केलं. न्यू एलिमच्या मोरावियन लोकांचं जे काही जपण्यासारखं आहे ते आता मंडळ जपतं आणि मंडळाची अध्यक्ष मी आहे. तुला ठाऊक नसणार, नाहीतर पहिलं पत्र मलाच लिहिलं असतंस. जरा गोडही लिहिलं असतंस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. लेविनची फुफ्फुसं संपली आहेत, टूसॉनचे डॉक्टर वसंताच्या पुढचं बोलत नाहीत, आणि त्याला इथे, आपल्या माणसांत निजायचं आहे. तिकडच्या वाळवंटात नको म्हणतो. जगायला वाळवंट चाललं, मरायला मात्र गाव हवं.

नियम सांगते. जो त्या शेतात जातो तो आपल्या आयुष्याचा वृत्तांत मागे ठेवून जातो. स्वतः लिहिलेला. दफनाच्या वेळी तो सगळ्यांसमोर वाचला जातो. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी लिहिले, आईने लिहिला. मध्यंतरी लोक आळसावले होते. मागच्या शरद ऋतूत मंडळाने ठराव करून पद्धत पुन्हा सक्तीची केली. ठराव मी मांडला होता. तेव्हा लेविन आजारी आहे हे मला ठाऊकही नव्हतं, म्हणून उगाच डोळे मोठे करू नकोस.

तर त्याने वृत्तांत लिहावा. स्वतःच्या हाताने. टाइप केलेला चालत नाही. हात थरथरतो म्हणतेस, थरथरू दे, आम्हाला वाचायची सवय आहे. मग समिती विचार करेल.

आणखी एक. खाली सही 'डोरोथिया बाइटल' अशी केली आहेस. बाइटल मी आहे. तुम्ही पाठवलेले घटस्फोटाचे कागद मी तेव्हा सहीशिवाय परत केले होते, आणि पुढे कोर्टाची पायरी चढायचा उत्साह तुम्हा दोघांपैकी कुणाला उरला नाही. तेव्हा तू अजून डोरोथिया राऊ. तसंच लिहीत जा.

आई शेवटी तुझं नाव घ्यायची का, असं विचारतेस. घ्यायची. मी सांगायचे, डोरा दुकानात गेली आहे, येईल एवढ्यात. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं. तुला कळवलं नाही, कारण तिने कळव असं म्हटलं नव्हतं. तुझ्या मते तू दुकानात गेलेली नसलीस, तरी तिच्या मते होतीस.

बेनिग्ना बाइटल
अध्यक्ष


३ फेब्रुवारी

डोरा,

वृत्तांत आला. समितीपुढे ठेवण्याआधी मी वाचते, तो माझा अधिकार आहे. यात बरंच काही दुरुस्त करावं लागेल. परत पाठवते आहे.

ट्रॉम्बोनवरच पानंच्या पानं आहेत. वडिलांनी कसा शिकवला, ईस्टरच्या पहाटे शेतात उभं राहून वाजवताना ओठ थंडीने पितळेला कसे चिकटायचे, शाळेतल्या पोरांना त्याने कसं शिकवलं. छान आहे. लोक डोळे पुसतील. मग एकदम अशी ओळ येते: 'माझं लग्न झालं. ते टिकलं नाही.'

टिकलं नाही म्हणजे काय? वहाण टिकत नाही, दोरी टिकत नाही. ती कुणी तोडलेली नसते. त्याला सांग, नीट लिही. कुणाशी झालं ते लिही. माझं नाव लिहायला शाई संपत नाही.

पुढे: 'नंतर मी गाव सोडलं.' एकट्याने? गावात अजून माणसं जिवंत आहेत, ज्यांनी तुम्हाला बसमध्ये चढताना पाहिलं. कोरा लुकेनबाख तर अजून सांगते की तुझ्या हातात माझी पेटी होती. पितळी कड्यांची.

आणि फिबी कुठे आहे?

मी तीनतीनदा पानं उलटली. वाटलं, चिकटली असतील. ट्रॉम्बोनच्या ओठांशी धरायच्या तोंडावर अर्धं पान आहे, दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या कुत्र्याचंही नाव आहे. त्याच्या मुलीचं नाव नाही. मेंदूज्वराने पाच वर्षांची पोर गेली, त्याच शेतात, मुलांच्या रांगेत निजली आहे, त्याने स्वतः तिच्यासाठी वाजवलं. मी ऐकलं. एक स्वर चुकला होता, तोही मला आठवतो. आणि आता तो त्याच जमिनीत जागा मागतोय आणि ती त्याच्या आयुष्यात आलीच नव्हती?

हे पान त्याला दे. डोळ्यांनी दिसत नसेल तर तू वाचून दाखव. मोठ्याने वाच.

बाकी इकडे बर्फ खूप आहे. तुझी माडीवरची खोली आता मंडळाच्या सामानासाठी वापरतो. कागदी तारे, मेणबत्त्यांची खोकी, मार्गदर्शक बायकांच्या टोप्या. पलंग काढून टाकला.

बे. बा.


२७ फेब्रुवारी

डोरा,

परवा फोनवर तू इतकी ओरडलीस की कोरा शेजारच्या खोलीतून उठून आली. तू म्हणालीस, "बेनी, दोन ओळी लिहिल्या की त्याला धाप लागते. मी त्याच्या पाठीला उशी लावून धरून ठेवते तेव्हा तो लिहितो. तू माणूस आहेस का?"

मी म्हणाले, "अध्यक्ष आहे." मला ते तेव्हा बरं सुचलं असं वाटलं.

नवीन वृत्तांत मिळाला. फिबीचा परिच्छेद वाचला. तो लिहितो की तिला ट्रॉम्बोनमध्ये फुंकायचं असायचं, पण आवाज निघायचा नाही, मग ती तोंडानेच 'बूऽऽ' करायची आणि आपणच वाजवल्यासारखं ऐटीत वाकून नमस्कार करायची.

हे मी विसरले होते. नमस्काराचं. इतकी वर्षं ते त्याच्याकडे होतं, तिकडे, आणि माझ्याकडे नव्हतं. मला ते कुणी द्यायला हवं होतं.

असो. शुद्धलेखन ठीक आहे.

काल समितीची बैठक झाली. आधी नाताळच्या मेणबत्त्यांच्या बुडाशी लाल कागदाची झालर लावायची की कापडाची, यावर भांडण झालं. कागद पेट घेतो असं नव्या लोकांचं म्हणणं. मी म्हटलं, अडीचशे वर्षं पेटला नाही, आता तुम्ही आलात म्हणून पेटेल? कागद राहिला. मग लेविनचा अर्ज.

ब्रदर वाइनलंड उठून म्हणाले, "सिस्टर बेनिग्ना, आपण क्षमेची शिकवण देणारी माणसं आहोत."

मी म्हटलं, "क्षमा चर्चकडे राहिली, ब्रदर. मंडळाकडे फक्त शेत आलंय."

नवे लोक हसले. ते फिलाडेल्फियाहून आलेले, जुनी दगडी घरं हौसेने घेऊन राहणारे, त्यांना आमची भांडणंसुद्धा पुराणवस्तू वाटतात. कोरा हसली नाही. बाहेर आल्यावर माझा कोट धरून म्हणाली, "अगं बेनी, मरणाऱ्या माणसाला किती पळवशील? मेल्यावर कसला राग गं?"

"तो अजून मेला नाही," मी म्हटलं.

"तू त्याचीच वाट बघतेयस की काय?"

कोरा म्हातारी झाली. तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

तर आता एकच दुरुस्ती उरली. शेवटच्या पानावर तो लिहितो: 'डोरा, माझ्या आयुष्याची सोबतीण.' हे राहणार नाही. कायद्याने तुझं त्याच्याशी नातं एकच आहे. तू त्याच्या बायकोची बहीण. तेव्हा ओळ अशी असावी: 'शेवटच्या आजारात माझ्या मेहुणीने माझी शुश्रूषा केली.' त्याने ते पान पुन्हा लिहून, खाली सही करून पाठवावं. एवढं झालं की माझी काही हरकत नाही. मी मंजुरीचं पत्र तयार करून ठेवलंय. तारीख घालायची राहिली आहे.

तू लिहू नकोस. तुझं अक्षर मी ओळखते.

बे.


१५ मार्च

डोरा,

तुझा फोन आला तेव्हा मी भगिनीगृहात शाळेच्या मुलांना जुनी चूल दाखवत होते. मुलं गेल्यावर मी चर्चमध्ये जाऊन ब्रदर वाइनलंडना सांगितलं. तासाभरात ट्रॉम्बोनवाले मनोऱ्यावर चढले. चौघेच उरलेत, त्यात एक शाळकरी मुलगी. आधी कुणीतरी गेल्याची धून, मग तो कोण ते सांगणारी. दुसरी धून कुठली वाजवायची ते त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, विवाहित पुरुषाची. गावात खिडक्या उघडल्या. सगळ्यांना कळलं कोणाचा विवाहित पुरुष.

त्याचं शेवटचं पान शनिवारीच आलं होतं. ओळ मी सांगितली तशीच आहे. डावीकडून निघून खाली खाली उतरत गेली आहे, शेवटचा शब्द जवळजवळ पानाबाहेर पडलाय. पण सही स्पष्ट आहे. मंजुरी त्याच दिवशी टपालात टाकली. त्याला मिळाली की नाही ते तू फोनवर सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

कागदपत्रं होऊन विमान मिळेपर्यंत तुला दोन-तीन दिवस लागतील, तोवर हे पोचेल. म्हणून सूचना. फिलाडेल्फियाला शवपेटी घ्यायला आमची गाडी येईल. तू बसने ये. दफन चर्चमधल्या प्रार्थनेनंतर. पहिला बाक विधवेचा असतो, तिथे मी बसणार आहे. तू मागे, पाहुण्यांसाठी बाक आहेत तिथे बसावं. कुणी विचारलं तर तू माझी बहीण. ते खोटं नाही.

नंतर प्रेमभोजन आहे. पाव आणि कॉफी. राहायचं असेल तर रहा.

बेनिग्ना


५ एप्रिल

डोरा,

तू त्या दिवशी न सांगता गेलीस. मला काही लिहायचं आहे, आणि तू तिथे होतीस तरी मी ते सगळं लिहिणार आहे, कारण तू मागच्या बाकावरून पाहिलंस आणि मी पुढच्या.

मी भगिनीगृहातल्या संग्रहालयातली पांढऱ्या फितीची टोपी घालून आले. आपल्यात विधवा पांढरी फीत बांधायच्या, लग्न झालेल्या निळी, कुमारिका गुलाबी. आता ती फक्त मार्गदर्शक बायका पाहुण्यांसाठी घालतात. कोरा माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, हे नाटक आहे की दफन?" इतकी वर्षं मी कुठल्या रंगाची ते कुणी मला सांगू शकलं नव्हतं. त्या दिवशी रंग ठरला होता.

ब्रदर वाइनलंडनी वृत्तांत वाचला. फिबी आली तेव्हा मागे कुणीतरी हुंदका दिला. तू असशील. तुझी ओळ आली तेव्हा मात्र मी मान वळवून पाहिलं. मला पाहायचं होतं. तू उठशील, ओरडशील, बाहेर निघून जाशील, काहीतरी करशील असं वाटलं होतं. तू नुसती ऐकत बसली होतीस, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखी.

मग शेतात गेलो. पुरुषांच्या रांगेत ब्रदर श्नाउफरच्या शेजारची जागा. माती ओली होती. सगळ्यांनी येऊन माझे हात हातात घेतले. नवे लोकसुद्धा. सगळं माझ्या मनासारखं झालं. एकूण एक गोष्ट.

परत आलो तर तू स्वयंपाकघरात. बाकीच्या बायका कॉफी देत होत्या आणि तू बाह्या वर करून कप विसळत होतीस. कोराने तुला आपला एप्रन दिला होता. मी किटली घ्यायला आत आले.

"ब्रदरनी छान वाचलं," तू म्हणालीस.

"तुझं नाव होतं ना त्यात?" मी म्हटलं. नाव नव्हतं. दोघींना ठाऊक होतं.

"ऐकलं मी." तू कप पुसत होतीस. "तो ते लिहायला तयार नव्हता, बेनी. म्हणाला, मग राहू दे, मला इथेच पुरून टाक कॅक्टसखाली. मीच त्याला लिहायला लावलं. म्हटलं, कागदावर मी कोण होते त्याने काय होतंय. त्याला रडू येत होतं आणि रडलं की श्वास अडकायचा, म्हणून मग मी त्याला हसवत होते. अशी ती ओळ झाली."

तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "आणि खरं सांगू? एका परीने बरंच आहे. आपल्याकडे नवऱ्याशेजारी कुणीच नसतं. पुरुष तिकडे, बायका इकडे, ज्या क्रमाने जाऊ त्या क्रमाने. तूही त्याच्यापाशी नसशील, मीही नाही. मागोमाग गेलो तर आपण दोघी मात्र शेजारी शेजारी असू. लहानपणी एका पलंगावर निजायचो तशा. तू सगळं पांघरूण ओढून घ्यायचीस."

आणि तू हसलीस. ओला हात माझ्या दंडावर ठेवलास. बाहीवर ओला डाग पडला. तुला वाटलं असेल मी विरघळले, म्हणून मी गप्प.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे शेतात येतात, दगड घासून धुतात, फुलं ठेवतात. मी फिबीचा दगड घासला. मग आईचा. मग उभी राहिले. बायकांच्या शेवटच्या दगडापुढे नुसतं गवत आहे. मी त्या गवताकडे बराच वेळ पाहिलं. दोन दगडांमध्ये अंतर किती असतं, तुला माहीत आहे? मधे पाऊल ठेवायलासुद्धा जागा पुरत नाही.

आज तुझं पत्र आलं. टूसॉनचं घर विकून उन्हाळ्यात इकडे येते म्हणतेस. मला हवं असेल तर मंडळात कामही करीन म्हणतेस, गुलाबी फीत बांधून.

यावर मला विचार करावा लागेल.

बेनी


२१ मे

डोरा,

काल मंडळाची वार्षिक सभा झाली. एक ठराव मंजूर झाला तो तुला कळवणं माझं काम आहे.

देवाचं शेत आजपासून संरक्षित वारसास्थळ. यापुढे तिथे खोदकाम होणार नाही. नवं दफन कुणाचंही नाही. लेविन बाइटल हे शेवटचं.

ठराव मी मांडला. सोपं गेलं. नव्या लोकांना हेच हवं होतं. त्यांचं बहुमत आहे आणि त्यांचं कुणी तिथे निजलेलं नाही. ताजी माती, फुलं, रडणारी माणसं, यांमुळे जागेचं जुनेपण बिघडतं असं त्यांना केव्हाचं वाटत होतं. ब्रदर वाइनलंड विरोधात बोलायला उभे राहिले आणि मधेच थांबले. म्हणाले, "पण मग ते शेत राहिलं कुठे? शेतात काही पेरायला नको का?" आणि खाली बसले.

कोरा बोललीच नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हाही नाही. सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावत होते, तर ती दारातच उभी.

"माझी आई तिथे आहे, बेनी. माझा भाऊ आहे. माझा वृत्तांत लिहून तयार आहे, तूच लिहून घेतलास. मला आता कुठे टाकणार?"

"महामार्गालगत नवी दफनभूमी आहे," मी म्हटलं.

"मोटारींच्या शोरूमच्या मागे?"

"हो."

मला वाटलं ती रडेल. म्हणाली, "आणि तू? तुझी फिबी तिथे आहे."

"ठराव सगळ्यांना लागू आहे."

"हे तू डोरासाठी केलंस."

मी खुर्च्या लावल्या. ती गेली. आज सकाळी तिने संग्रहालयाची किल्ली टपालपेटीत टाकली, पाकिटात घालून, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. त्यामुळे मंगळवारचे पाहुणे आता मलाच सांभाळावे लागतील.

तू यायचं म्हणतेस तर ये. मी कोण अडवणारी. गावात घरं रिकामी आहेत, कोराच्या गल्लीतच दोन आहेत. ती तुला केक करून घालेल. मंडळात मात्र सध्या माणसांची गरज नाही.

गेल्या आठवड्यात मी बसने त्या महामार्गावरच्या दफनभूमीत जाऊन आले. कुंपणापलीकडे मोटारींवर रंगीत पताका फडफडत असतात, दिवसभर आवाज. तिथे दगड आपल्यासारखे आडवे, एकसारखे नाहीत, उभे असतात, लहानमोठे, ज्याला जसा परवडेल तसा. मी माझी जागा घेतली. शेजारची मोकळी आहे का, असं तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "आहे की. कुणासाठी हवीय?"

मी म्हटलं, कुणासाठी नाही. तीही माझ्या नावावर करून टाकली, म्हणजे तिथे कुणी येणार नाही.

बेनिग्ना